कोण बोलतंय?

दुपारी वकीलसाहेबांना फोन लावला. चौथ्या खेपेला उचलला आणि म्हणाले, "कोण बोलतंय?"

एवढंच. पण तेव्हापासून दुसरं काही सुचेना. दीड वर्ष झालं वकीलपत्रावर सही करून, अन् माझा नंबरसुद्धा त्यांच्याकडं नाही. पाच महिन्यांचा पगार बुडाला, वाळूजची खोली सोडली, बिऱ्हाड पैठणला आणलं, हिच्या कानातलं... जाऊ दे. सगळी भिस्त ज्यांच्यावर, त्यांनीच कोण म्हणून विचारावं?

नाव सांगितलं तरी लक्षात येईना. "केस नंबर सांगा," म्हणाले. पाठ नव्हता. पिशवीतले कागद उपसेपर्यंत, "संध्याकाळी बोलू, बोर्डावर मॅटर आहे," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

कोण बोलतंय. माय म्हणाली, त्यांच्याकडं शंभर माणसं येतात रे. असतील. मी तर एकाच वकिलाकडं जातो.

मग कागद उपसलेच होते तर लावून ठेवावेत म्हणून बसलो. तळाशी पासबुक निघालं. कारखान्यात हजाराच्या आत कामगार असतील तर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत पगार झालाच पाहिजे, असं तेव्हा १९३६ च्या कायद्यात होतं, हे साहेबांनीच पहिल्या दिवशी समजावलं होतं. पासबुकात ६, ७, ६ अशा नोंदी आहेत, अन् मग एकदम काहीच नाही. हे मी त्यांना दाखवलेलंच नाही. फाईलवर पत्ता अजून बजाजनगरचा. साक्षीला येणारा दोस्त चाकणला गेला, तेही सांगितलं नाही. गेल्या महिन्यात सुपरवायझरचा फोन आला होता, "निम्मे घे, सही कर, मिटव." तेसुद्धा माझ्याच पोटात.

इतक्या वेळा फोन केले, पण दर वेळी एकच विचारलं, पुढची तारीख कधी. मी कोण, हे त्यांना कळावं असं मी काय सांगितलं होतं?

संध्याकाळी फोनची वाट पाहिली नाही. मेसेज लिहिला. आधी केस नंबर, मग नाव, पुढची तारीख, नवा पत्ता, दोस्ताचं, निम्म्या पैशाचं. पासबुकाच्या पानांचे फोटो जोडले. तीनदा वाचून पाठवला.

नऊ वाजता उत्तर आलं. "सही कशावरही करू नका. सोमवारी साडेदहाला ओरिजिनल पासबुक घेऊन या."

नाव नाही लिहिलं त्यांनी. टोचतं अजून. पण सहाची एसटी धरावी लागेल, बिडकीनला फार वेळ मोडतो. केस नंबर पासबुकाच्या कव्हरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलाय.