आक्षीची खाडी: दुर्बिणीआधी कॅलेंडर

मागच्या वर्षी अलिबागजवळच्या आक्षीला गेलो तेव्हा संकष्टी होती. घरी साबुदाण्याची खिचडी झाली होती म्हणून तेवढं लक्षात राहिलं. तिथीचा पक्ष्यांशी काही संबंध असेल, हे डोक्यातही आलं नव्हतं. सकाळी आठला किनाऱ्यावर उभा राहिलो तर समुद्र कुठल्या कुठे गेलेला आणि त्याच्या कडेला मोहरीएवढे ठिपके. नऊनंतर ऊन तापलं, वाळूवरची हवा थरथरायला लागली आणि ते ठिपकेही दुर्बिणीत नाचायला लागले. वहीत नोंद झाली ती कावळे, घारी आणि एक समुद्री बगळा एवढीच.

परतताना खाडीच्या तोंडाशी जाळं विणत बसलेल्या एका काकांना विचारलं, इथे पक्षी येतात तरी कधी? त्यांनी उलट मलाच विचारलं, "आज कंची तिथ?" मग हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पाणी भरतं. चतुर्थी म्हणजे चार, त्याची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, दुपारी तीनच्या पुढेमागे पुन्हा भरती, आणि मधे नऊच्या सुमारास पूर्ण सुकती. मी नेमका सुकतीला जाऊन उभा राहिलो होतो. हिशेब ढोबळ आहे, अर्धा तास इकडेतिकडे होतो. मुंबईचं भरतीचं वेळापत्रक फोनवर मिळतं, ते ताडून घ्यावं. पण सुट्टी टाकायची कधी, हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आपल्याला भरती हवी सकाळी नऊ-दहाला. म्हणजे उजाडताना पाणी अर्धं चढलेलं असतं, पुढचे तीन तास ते पक्ष्यांना आपल्याकडे ढकलत आणतं आणि ऊन चटके द्यायच्या आत काम होतं. उलटा हिशेब केला तर उत्तर येतं द्वादशी-त्रयोदशी, शुद्ध किंवा वद्य.

म्हणून यंदा कोजागरीच्या दोन दिवस आधी, त्रयोदशीला गेलो. आदल्या संध्याकाळीच मुक्कामाला पोचलो, कारण मुंबईहून पहाटे निघून सूर्योदय गाठणं जमत नाही. गेटवेहून मांडव्यापर्यंत बोट, तिथून त्याच तिकिटात अलिबागपर्यंत बस आणि पुढे पाचेक किलोमीटर रिक्षा. रेवदंड्याकडे जाणारी एसटीही आक्षीला थांबते. पुण्याहून खोपोली-पेणमार्गे यावं. राहायला आक्षी-नागावच्या वाड्यांमध्ये घरगुती सोय भरपूर आहे, फक्त शनिवार-रविवार टाळा. पर्यटकांच्या गाड्या आणि घोडागाड्या वाळूवर उतरल्या की थवे उठतात आणि पुन्हा बसायला तयार नसतात.

साडेसहाला सुरूच्या बनातून वाळूवर आलो आणि उजवीकडे, उत्तरेला खाडीच्या तोंडाकडे चालू लागलो. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी असतो आणि पक्ष्यांवर थेट उजेड पडतो. संध्याकाळी हाच किनारा नुसत्या काळ्या सावल्या दाखवतो.

सगळ्यात आधी दिसले सँडरलिंग. लाट मागे गेली की तिच्यामागे धावायचं, आली की पुढे पळायचं, आणि पाय तर चावी दिलेल्या खेळण्यासारखे. त्यांच्या मागच्या बोटाचा पत्ताच नसतो. ओल्या वाळूवर तीनच बोटांचे ठसे उमटतात, ते वाकून जरूर बघा. मग चिखल्यांचा मोठा थवा. त्यात लहान चिखल्या आणि मोठा चिखल्या अशा दोन सारख्या दिसणाऱ्या जाती असतात. कुठला कोण, यावर मी अर्धा तास घालवला आणि वहीत 'चिखल्या, बरेच' एवढंच लिहिलं.

आठच्या सुमारास पाणी रेतीच्या पट्ट्यावर चढलं आणि ऑयस्टरकॅचर सरकत सरकत जवळ आले. मोजून अकरा. काळं-पांढरं अंग, गाजरासारखी चोच. नावात कालव असलं तरी वाळूतल्या शिंपल्यांवरच त्यांचा ताव जास्त. गावातल्या बायका तिसऱ्या काढतात त्याच पट्ट्यात हेही खोदत होते, दोघांना एकमेकांचं काही वाटत नव्हतं. पलीकडे कर्ल्यू, आपल्या तलवारीएवढ्या चोचीसह, एकटाच.

कुरव, म्हणजे गल, नुकते यायला लागले होते. काळ्या डोक्याचा आणि तपकिरी डोक्याचा हे नावावरून ओळखायला जाऊ नका. या दिवसांत दोघांचंही डोकं पांढरं असतं आणि कानाशी फक्त एक डाग. उडताना पंखाचं टोक बघा. काळ्या टोकात पांढरे ठिपके दिसले तर तो तपकिरी डोक्याचा. थोराड पल्लास गल बघायचा असेल तर डिसेंबरपर्यंत थांबा, तेव्हा पोपटीचाही, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगांचाही, हंगाम असतो.

पावणेदहाला पाणी टम्म भरलं, थवे खाडीतल्या तिवरांकडे गेले आणि मी सुरूच्या सावलीत घावणे खायला बसलो. तिथे डोक्यावरच हळद्या ओरडत होता.

जाणाऱ्यांसाठी थोडं. खाडीच्या तोंडाशी चिखल फसवा आहे, पाय गुडघ्यापर्यंत जातो. पट्ट्याच्या सॅंडल घाला, बूट नकोत. पाणी चढताना आपल्या मागची सखल वाट आधी भरते, म्हणून रेतीच्या पट्ट्यावर पुढे जाऊ नका, वर सुक्या वाळूवर बसून राहा. पक्षी स्वतः जवळ येतात. दुर्बीण ८x४२ पुरे. दोघांत मिळून एक स्कोप, म्हणजे तिपाईवरची मोठी दुर्बीण, असेल तर चिखल्यांचा प्रश्नही सुटेल. पाणी आणि टोपी हवीच. हातात दुपार उरली तर गावातला शिलाहारकालीन मराठी शिलालेख बघा. त्यावर शके ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा काळ वाचला गेला आहे. किंवा उत्तरेला किहीमला जा, जिथे १९३० मध्ये सालीम अलींनी सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला.

पुढच्या चांगल्या तिथी काढून ठेवल्या आहेत. वद्य द्वादशी आणि त्रयोदशी, म्हणजे वसुबारस आणि धनत्रयोदशी. पाणी अगदी वेळेवर आहे. घरी कसं सांगायचं, ते अजून ठरत नाही.