पत्रा धडधाकट, दात सुटलेले

‘सर, एवढ्याशा पत्र्यावर अख्खं छप्पर राहील का?’ लाकडी कैच्या, म्हणजे छपराचे त्रिकोणी सांगाडे, घालायला निघालेले लोक आमच्या चाचणी प्रयोगशाळेत आले की हेच विचारतात. गंगापूर रोडकडचे फार्महाऊसवाले तर हमखास. सोबत सुतार असतो, आणि सांधे जोडणारी दातेरी प्लेट जाड घेतली की काम झालं, असं दोघांनाही वाटत असतं.

ही प्लेट म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, साधारण एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा. त्यातूनच पंच करून आठ-दहा मिलिमीटरचे दात काढलेले असतात. 1950च्या दशकात फ्लोरिडात ही पद्धत निघाली. सांध्याच्या दोन्ही अंगांना प्लेट लावून प्रेसखाली दाबायची. सरस नाही, लाकडात कोरून बसवायचं कुसू नाही.

आम्ही दोन लाकडं टोकाला टोक भिडवून प्लेटा दाबतो आणि नमुना यूटीएममध्ये, म्हणजे ओढून-दाबून ताकद मोजणाऱ्या यंत्रात, उभा धरून ओढतो. बराच वेळ काही दिसत नाही. मग बारीक कुरकुर ऐकू येते, दात मुळाशी वाकतात, प्लेटची कड नखभर उचलते आणि प्लेट सुटते. पत्रा धडधाकट! लाकडातली भोकं मात्र ओढीच्या दिशेने लांबट झालेली. बोट फिरवलं तरी कळतं. प्लेट लांब असेल, दात भरपूर असतील, तर मात्र पत्राच फाटतो. म्हणून दातांची पकड, पत्र्याची ताण सोसण्याची ताकद आणि कातर, म्हणजे दोन बाजू उलट दिशांना सरकवणारा जोर, सोसण्याची ताकद वेगवेगळी तपासावी लागते, पकड तर लाकडाच्या रेषेला समांतर आणि आडवी अशी दोन्हीकडून. आडव्या ओढीला पकड कमी भरते.

खरा घात ओल करते. ओल्या लाकडात दाबलेली प्लेट त्या दिवशी छान दिसते. लाकूड वाळून आकसलं की दात ढिले पडतात. 19 टक्क्यांहून जास्त ओल असताना प्लेट दाबली, तर अमेरिकेतल्या नियमांत तिची पकड 20 टक्के कमी धरतात. आणि हातोडीने ठोकू नका, कळकळीने सांगतो. दात वाकतात, आणि वरून ते दिसतही नाही.

मागच्या श्रावणात एक काका पाइनचे तुकडे घेऊन आले. ओल मोजायच्या मीटरच्या सुया टोचल्या, आकडा आला 27. काकांनी सुताराकडे पाहिलं, मग मला विचारलं, ‘दिवाळीपर्यंत वाळेल?’ खाली ठोकळे, मध्ये पट्ट्या घालून शेडमध्ये थप्पी लावा, म्हटलं, दिवाळीनंतर पुन्हा मोजू.