एकाच पडद्यावरचा पाऊस आणि डोंगर

वैमानिकासमोरच्या नेव्हिगेशन डिस्प्लेवर ढगही लाल दिसतो आणि डोंगरही लाल दिसतो. हवामानाचे रडार आणि भूभागाचा इशारा देणारी यंत्रणा, दोन्ही हिरवा, पिवळा आणि लाल हेच रंग वापरतात, आणि बऱ्याच प्रवासी विमानांत एका पडद्यावर एका वेळी यांपैकी एकच चित्र लावता येते. म्हणून डोंगराळ मुलखात खाली उतरताना दोघे वैमानिक आपसांत वाटणी करून घेतात. एकाच्या पडद्यावर ‘वेदर’ राहते, दुसऱ्याच्या पडद्यावर ‘टेरेन’. दोन्हींची गल्लत होऊ नये म्हणून एअरबसच्या विमानांत चित्र ताजे होण्याची रीतही वेगळी ठेवलेली आहे: पावसाचे चित्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते, तर भूभागाचे चित्र मध्यापासून सुरू होऊन दोन्ही अंगांना उलगडते.

विमानांच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणांची देखभाल हे माझे काम आहे, आणि या दोन यंत्रणांबद्दल माझे एक मत अनेक वर्षांत पक्के होत गेले आहे. हवामानाचे रडार शंका घेऊनच वाचावे लागते. भूभागाचा इशारा मात्र शंका न घेता पाळावा लागतो. एकाच आसनावर बसलेल्या माणसाकडून आपण या दोन्ही वृत्तींची एकाच वेळी अपेक्षा करतो, आणि ही अपेक्षा किती कठीण आहे याची चर्चा आपल्याकडे फार कमी होते.

आधी रडार. ते सुमारे ३.२ सेंटिमीटर लांबीच्या लहरी सोडते आणि समोरच्या पाण्याच्या थेंबांवरून परत आलेला प्रतिध्वनी मोजते. त्याला ढग दिसत नाही, वीज दिसत नाही, कोरड्या हवेतले धक्केही दिसत नाहीत. दिसते ते पाणी. थेंबाचा व्यास दुप्पट झाला तर प्रतिध्वनी चौसष्ट पटींनी वाढतो, त्यामुळे मोठ्या थेंबांचा पाऊस लगेच लाल होतो. कोरड्या गारा आणि बर्फाचे स्फटिक मात्र फारच क्षीण परतावा देतात. उंच गडगडाटी ढगाचा वरचा भाग बर्फाचाच असतो, आणि नेमक्या त्याच उंचीवरून विमान जात असते. अँटेनाचा टिल्ट, म्हणजे वर-खाली झुकण्याचा कोन, योग्य तेवढा खाली केला नाही, तर किरण ढगाच्या माथ्यावरून जाईल आणि पडद्यावर फिकट हिरव्यापलीकडे काही उमटणार नाही. आजच्या रडारमध्ये टिल्टचा बराचसा हिशेब यंत्रच करते, तरीही जाणते वैमानिक अधूनमधून तो हाताने फिरवून ढगाची उंची चाचपतात, आणि ते योग्यच आहे.

पुण्याच्या आकाशात हा फरक फार स्पष्टपणे अनुभवाला येतो. जुलैमध्ये घाटमाथ्यावर दिवसदिवस पाऊस कोसळत असतो, पण ते ढग बहुतांशी बुटके असतात; त्यांत पाणी खूप, पण उसळी कमी. पडद्यावर हिरव्या-पिवळ्याचे मोठमोठे पट्टे दिसतात आणि विमान किरकोळ हादऱ्यांवर त्यातून निभावून जाते. एप्रिल-मे महिन्यांत दुपारी उठणारा वळवाचा ढग याच्या अगदी उलट असतो. तो तासाभरात बारा किलोमीटरच्या वर चढतो, त्याच्या पोटात गारा असतात, आणि कोसळताना तो जमिनीवर चहूकडे पसरणारा वारा सोडतो. त्याच्या कडेचा हिरवा रंग आणि जुलैतल्या संततधारेचा हिरवा रंग यांच्या छटेत काही फरक नसतो. कोणत्या हिरव्याला किती अंतरावरून वळसा घालायचा हे ऋतू, वेळ आणि ढगाची उंची पाहून माणसालाच ठरवावे लागते. तीव्र वादळापासून वीस सागरी मैल दूर राहावे हा जगभर मानला जाणारा दंडक त्यासाठीच आहे.

रडारची आणखी एक मर्यादा आहे, आणि ती प्राणघातक ठरलेली आहे. या लहरी दाट पावसातच शोषल्या जातात, त्यामुळे जोरदार सरीच्या मागे काय आहे ते दिसत नाही आणि पडद्यावरची ती जागा मोकळी वाटते. ४ एप्रिल १९७७ रोजी अमेरिकेतील सदर्न एअरवेजचे डीसी-९ विमान जॉर्जिया राज्यावर अशाच वादळात शिरले. पाऊस आणि गारांनी त्याची दोन्ही इंजिने बंद पडली, वैमानिकांनी ते न्यू होप या गावातल्या रस्त्यावर उतरवण्याचा प्रयत्न केला, आणि जमिनीवरच्या नऊ जणांसह ७२ माणसे गेली. वादळातून वाट काढण्यासाठी विमानातल्या रडारवर विसंबणे हे त्या चौकशीत एक साहाय्यक कारण म्हणून नोंदले गेले. रडार वादळ टाळण्यासाठी आहे, वादळातली फट शोधण्यासाठी नाही, हे तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात शिकवले जाते.

जमिनीवर आमच्या वाट्याला जे काम येते ते याच यंत्राचे नाक सांभाळण्याचे. विमानाचे टोकदार नाक म्हणजे रडोम. त्याची कुलुपे सोडवून ते वर उचलले की आत एक चपटी, गोल तबकडी दिसते, तिच्यावर बारीक खाचांच्या ओळी असतात, आणि ती डावीकडून उजवीकडे डोलते, हीच अँटेना. रडोम धातूचा करता येत नाही, कारण लहरी त्यातून आरपार जायला हव्यात, म्हणून तो तंतूंच्या पातळ थरांत मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी बसवून घडवतात. बाहेरून आकाशातल्या विजेपासून बचावासाठी धातूच्या पट्ट्या लावलेल्या असतात. एखादा पक्षी आदळून किंवा गार लागून केसाएवढी भेग पडली, तरी पावसाळ्यात त्या जाळीत पाणी झिरपते, आणि मग त्या कोनातले चित्र फिके येऊ लागते. वैमानिकाच्या नोंदवहीत स्नॅग, म्हणजे बिघाडाची तक्रार, येतो तो ‘उजवीकडचे रडार मंद’ एवढाच. आम्ही ओलावा मोजणारे उपकरण लावतो, आणि शिवाय नाण्याने पृष्ठभागावर टकटक करत जातो. थर सुटलेला असेल तिथे खणखणीत आवाजाऐवजी बद्द आवाज येतो. रंगाचा एक जादा थर चढवला तरी किरणाचे नुकसान होते, त्यामुळे रडोमच्या रंगाची जाडीसुद्धा मोजली जाते. २१ मे २०२५ रोजी दिल्लीहून श्रीनगरला निघालेल्या इंडिगोच्या विमानाचे हेच नाक गारांच्या माऱ्याने फुटले होते. विमान सुखरूप उतरले, पण ती छायाचित्रे पाहताना आमच्यापैकी प्रत्येकाच्या मनात आधी आले ते आतल्या तबकडीचे काय झाले असेल, हेच.

आता डोंगर. ७ जुलै १९६२ रोजी, मध्यरात्र उलटून गेल्यावर, मुंबईकडे येणारे अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान आपल्या जुन्नरजवळच्या डोंगरावर आदळले आणि त्यातील सर्व ९४ जण मृत्युमुखी पडले. आपण मुंबईच्या आणखी जवळ आहोत असा वैमानिकांचा समज झाला होता आणि त्यांनी लवकर उतरायला सुरुवात केली होती. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे ॲव्रो विमान पनवेलजवळच्या डोंगरात कोसळले. ४५ जण गेले. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्यांनी या दोन तारखा विसरू नयेत असे मला मनापासून वाटते. यांत्रिक बिघाड नसलेले, वैमानिकाच्या पूर्ण ताब्यातले विमान सरळ डोंगराकडे जाते आणि आत कोणालाच त्याची कल्पना नसते, हा अपघाताचा प्रकार एके काळी जगात सर्वाधिक बळी घेणाऱ्या प्रकारांपैकी एक होता.

त्यावर पहिला उपाय शोधला तो डॉन बेटमन या कॅनडात जन्मलेल्या अभियंत्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी. रेडिओ अल्टिमीटर विमानाच्या पोटाखालची उंची मोजतो. ती उंची धोकादायक वेगाने कमी होऊ लागली की यंत्राने बोलून सावध करायचे, अशी ती रचना होती. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या टेकडीवर टीडब्ल्यूए कंपनीचे विमान आदळून ९२ जण गेल्यानंतर अमेरिकेने ती मोठ्या प्रवासी विमानांसाठी सक्तीची केली. अपघात पुष्कळ कमी झाले, पण यंत्र फक्त खाली पाहत होते. कोकणातून घाटाकडे येताना जमीन जशी एकदम भिंतीसारखी उभी राहते, तशा ठिकाणी खाली पाहणाऱ्या यंत्राला सांगायला फार थोडे सेकंद उरतात. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातील काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सच्या बोइंग ७५७ ला इशारा मिळाला तेव्हा साधारण बारा-तेरा सेकंद शिल्लक होते. १५९ जण गेले.

पुढच्या पिढीच्या यंत्रात बेटमन यांनी जगाचा उंचीनकाशाच साठवला. विमान कुठे आहे हे उपग्रहांवरून कळते, पुढची जमीन नकाशावरून कळते, आणि टक्कर होण्याच्या साधारण मिनिटभर आधी पहिली सूचना मिळते. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर त्याचे लष्करी नकाशे विकत घेऊन या संग्रहाची मोठी पोकळी भरण्यात आली. पडद्यावर विमानाच्या उंचीपेक्षा दोन हजार फुटांहून अधिक वर असलेली जमीन दाट लाल दिसते. धोका जवळ आला की, वैमानिकाने लावलेले पावसाचे चित्र बाजूला सारून, भूभागाचे चित्र आपोआप पुढे येते. यंत्रणेने प्राधान्यक्रम ठरवून ठेवला आहे, आणि माझ्या मते तो निःसंशय बरोबर आहे.

तरीही माणूस तो नाकारू शकतो. ९ मे २०१२ रोजी इंडोनेशियात सालक पर्वताजवळ सुखोई सुपरजेटच्या प्रात्यक्षिक उड्डाणात आदळण्यापूर्वी ३८ सेकंद इशारा सुरू झाला. वैमानिकाला तो नकाशातील चूक वाटला आणि त्याने यंत्रणा बंद केली. पहिल्या इशाऱ्यानंतर २४ सेकंदांपर्यंत जरी विमान वर खेचले असते तरी टक्कर टळली असती, असे चौकशीत दिसून आले. ४५ जण गेले. रडारच्या बाबतीत जी शंका वैमानिकाला वाचवते, तीच इथे घातक ठरली. म्हणून सिम्युलेटरमध्ये या इशाऱ्याचा सराव विचाराला वाव न ठेवता करून घेतात: ढगात किंवा रात्री ‘पुल अप’ ऐकू आले की नाक वर, पूर्ण शक्ती, आणि कारणांची चर्चा नंतर.

अलीकडे या सरावाला उपग्रह-संकेतांच्या भेसळीने तडा दिला आहे. खोट्या संकेतांमुळे विमानाला आपण भलत्याच ठिकाणी आहोत असे वाटते, आणि सपाट समुद्रावर, सुरक्षित उंचीवर असतानाही डोंगराचा इशारा वाजतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये याविषयी परिपत्रक काढले. दहा वेळा खोटा वाजलेला इशारा अकराव्या वेळी निमूटपणे पाळायला सांगणे सोपे नाही, आणि मला सध्या या क्षेत्रातली सर्वांत मोठी काळजी याचीच वाटते. स्थान भरवशाचे नाही असे ठरल्यास नकाशावर आधारलेला भाग तेवढा बंद करण्याची सोय विमानात असते. त्यानंतरही बेटमन यांचे जुने, खाली पाहणारे यंत्र चालूच राहते, कारण त्याला उपग्रह लागत नाही. रेडिओ अल्टिमीटरची लहर जमिनीवर आपटून परत येते, आणि तेवढी उंची तरी खरी असते.