विषय एक, प्रश्न ज्याचा त्याचा

शुक्रवार, रात्र

आजचा इतिहासाचा वर्ग इथे गोव्यातच, नार्व्याला, सप्तकोटीश्वराच्या देवळात झाला. घरीच शिकणारी आमच्या काही घरांतली मुलं दर शुक्रवारी एकत्र येतात. सगळ्यात धाकटा सहा वर्षांचा, थोरली चौदाची. तिला पुढे मुक्त विद्यालयातून दहावीला बसायचं आहे. वयाप्रमाणे वर्ग वेगळे करावेत असं दोघा पालकांचं म्हणणं. मला ते पटत नाही. विषय सगळ्यांना एकच हवा, प्रश्न मात्र ज्याला त्याला वेगळा. तसं केलं की परतताना गाडीत सहा वर्षांचा आणि चौदा वर्षांची एकाच गोष्टीवरून वाद घालतात, आणि निम्मा धडा तिथेच पक्का होतो.

धाकट्याला दीपस्तंभाचं चित्र काढायला बसवलं. मधल्यांना शिलालेखातला शक दिला: 1590. शकात 78 मिळवायचे एवढंच सांगितलं. दहा वर्षांच्या मुलाने वहीच्या कोपऱ्यात बेरीज मांडली आणि ओरडलाच, ‘‘1668! काकी, म्हणजे राज्याभिषेकाच्या आधीच महाराजांनी हे देऊळ बांधायला घेतलं?’’ हो, सहा वर्षं आधी. हा दुवा त्याने स्वतः जोडला, याचा मला फार आनंद झाला.

थोरलीला विचारलं, मूळ देऊळ दिवाडी बेटावर होतं, मग देव नदीच्या अलीकडे का आणला? हा गोव्यावर पूर्वी राज्य करणाऱ्या कदंब राजांचा देव. त्यांच्या सोन्याच्या नाण्यांवर त्याचं नाव आहे. तिने नकाशा पायरीवर पसरला. 1510 साली तिसवाडी, म्हणजे दिवाडीसकटचा भाग, पोर्तुगीजांकडे गेली, 1543 मध्ये बारदेस आणि साष्टी. नार्वे ज्यात येतं ती डिचोली मात्र तेव्हा आदिलशाहीत. फेरीबोटीने आपण बघता बघता ओलांडतो ती नदी त्या काळी दोन राज्यांमधली हद्द होती, हे तिचं तिलाच उलगडलं.

मग आमच्यातली एक नऊ वर्षांची मुलगी, ख्रिस्ती घरातली, माझ्याजवळ येऊन म्हणाली, ‘‘आंटी, देऊळ आमच्या लोकांनी मोडलं?’’

हा प्रश्न पुढे ढकलण्यासारखा नव्हता. सगळ्यांना सभामंडपात बसवलं. देवळं पाडली ती पोर्तुगीज सत्तेने, हे स्पष्ट सांगितलं. त्यात मऊपणा आणला नाही. पण 1560 पासून 1812 पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, इथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा आरोप ठेवून खटले चालवणारं ख्रिस्ती धर्मन्यायालय, चाललं आणि त्याच्या खटल्यांत बहुतेक करून नव्याने ख्रिस्ती झालेले गोंयकारच उभे केले गेले, हेही सांगितलं. ज्या गावांतून देव हलले, त्याच गावांत तिचेही पूर्वज राहत होते. आणि 1787 साली पोर्तुगीजांना घालवण्याचा कट रचला तो कांदोळीच्या पिंटो घराण्याने, गोव्याच्याच ख्रिस्ती पाद्रींना बरोबर घेऊन. ‘‘मग त्यांचं काय झालं?’’ कट फुटला. काहींना देहदंड झाला, पाद्रींना लिस्बनला पाठवलं. सहा वर्षांच्याला मी देहदंडाचे तपशील दिले नाहीत. थोरलीने नंतर वेगळे विचारले, तेव्हा तिला दिले. वयाचा फरक पाळायचा तो इथे.

संध्याकाळी आमच्या सोप्यातल्या सुंभाच्या दोरीवर नव्या चिठ्ठ्या अडकवल्या. एक वीत म्हणजे शंभर वर्षं. 1668 ची चिठ्ठी त्या दहा वर्षांच्याने लावली, 1787 ची त्या मुलीने, स्वतः मागून घेऊन. धाकट्याने 1510 पासून गोवा मुक्त झाला त्या 1961 पर्यंत विती मोजल्या, साडेचार भरल्या. आपल्या आजीचा जन्म एका वितीच्या आतच येतो, हे मात्र त्याला काही केल्या पटेना. त्याच्या मते आजी सगळ्यांच्या आधीची.

पुढच्या शुक्रवारी तांबडी सुर्ला. पुन्हा कदंबच, पण रानात आत, काळ्या बेसाल्टमधलं देऊळ. तिथला धडा थोरली घेणार आहे. धाकट्याला कोणता प्रश्न द्यायचा ते तिने अजून ठरवलेलं नाही. उद्या फोनवर बोलू म्हणाली.