रोज शंभर

"मॅडम, मी रोज शंभर करते," असं म्हणत तिनं फायलीतून एक कागद काढला आणि माझ्यापुढे सरकवला. घड्या पडून पडून तो मधोमध फाटला होता, आणि फाटलेल्या जागी नीट चिकटपट्टी लावलेली होती. वर मोठ्या अक्षरांत 'केगल व्यायाम' आणि खाली चार ओळी: लघवी अडवताना आवळता ते स्नायू आवळा, दहा मोजा, सोडा, पुन्हा करा. दोन वर्षांपूर्वी एका ठिकाणी तिच्या हातात हा कागद दिला होता. तेव्हापासून तिचा एकही दिवस चुकला नव्हता, आणि तिच्या बोलण्यावरून मला ते खरंच वाटलं.

तिचं वय अडतीस. दुसऱ्या बाळंतपणाला आठ वर्षं झालेली. ते बाळ ३.९ किलोचं होतं, कळा देऊन देऊन ती दमली आणि शेवटी चिमटा लावावा लागला. तेव्हापासून शिंकलं, खोकलं, जिना भराभर उतरलं की लघवी निसटायची. आधी थेंबच असायचे. गेल्या वर्षापासून पॅडशिवाय ती घराबाहेर पडत नव्हती.

हे सांगत असतानाच तिला शिंक आली. वाक्य न तोडता तिनं पायांची घट्ट कात्री केली, एका हातानं टेबलाची कड पकडली, शिंकली, आणि बोलणं पुढे सुरू केलं. आपण असं केलं हे तिला जाणवलंही नसावं.

"एवढं करून वाढतच चाललंय. आता ऑपरेशनच करावं लागेल ना?"

मी तिच्याकडून आधी तीन दिवसांची लघवीची नोंद करून मागवली होती. ती मिलिलिटरमध्ये मोजून, अगदी काटेकोर लिहिलेली होती. दिवसभरात जेमतेम ७०० मिली पाणी आणि तेरा वेळा लघवीला जाणं. निसटायला नको म्हणून पाणी तोडलेलं, आणि मूत्राशय भरायच्या आतच 'आत्ताच जाऊन येते' ही सवय. अशानं लघवी गडद होते, मूत्राशय चिडचिडं होतं आणि थोडीशी लघवी साठली तरी जावंसं वाटायला लागतं. लघवीच्या तपासणीत जंतुसंसर्ग नव्हता. घाई होऊन निसटण्याचा त्रासही नव्हता. पोटावर दाब आला की निसटणं, एवढंच होतं.

"ताई, आतून बोटानं तपासावं लागेल," मी म्हणाले. "स्नायू कसा आवळला जातो ते बाहेरून कळत नाही. मध्येच नको वाटलं तर सांगा, तिथेच थांबू."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आजवर असं कुणी तपासलंच नाही."

ती टेबलावर झोपली, गुडघे वाकवले. मी हातमोजा घातला, बोट आत ठेवलं आणि सांगितलं, "रोज करता तसं करा."

तिनं श्वास रोखला. पोट टम्म वर आलं. आणि माझं बोट बाहेर ढकललं गेलं.

स्नायू बरोबर आवळला तर तो बोटाला चहूबाजूंनी धरतो आणि आत, वरच्या दिशेनं ओढतो. इथे सगळं खाली, बाहेरच्या बाजूला चाललं होतं. आम्हाला जे टाळायचं असतं ते कुंथणं ती दोन वर्षं, रोज शंभर वेळा, मन लावून करत होती. योनीची पुढची भिंतही जराशी खाली उतरली होती. माझ्या पोटात कालवलं.

तिची यात काडीचीही चूक नव्हती. डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला तेव्हा त्यांनी बायकांच्या हाती नुसता कागद दिला नव्हता. ते बोटानं तपासत, आणि दाब मोजणारं एक उपकरण वापरत, म्हणजे आपण बरोबर आवळतोय का हे त्या बाईला स्वतःला दिसे. नाव टिकलं, तपासणं मात्र मागे पडलं. १९९१ साली ४७ बायकांना फक्त तोंडी सूचना देऊन मग तपासलं गेलं, तेव्हा बरोबर आवळणाऱ्या जेमतेम निम्म्या निघाल्या. सुमारे पाव बायकांचं करणं असं होतं की त्यानं लघवी निसटणं वाढावं. तरीही कागद वाटले जातातच. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मीही वाटले आहेत, आणि त्यातल्या किती जणी घरी कुंथत राहिल्या असतील हा विचार त्या दिवशी दुपारभर माझ्या डोक्यातून गेला नाही.

तिला सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, ती रडेल. ती चिडली. उठून बसली आणि म्हणाली, "मग दोन वर्षं मला कुणी बघितलं का नाही?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फक्त म्हणाले, "बघायला हवं होतं."

मग मी तिला पाण्याच्या नळीचं सांगितलं. फरशीवर पडलेल्या नळीवर पाय दिला की पाणी थांबतं. तीच नळी चिखलात असेल तर पायाबरोबर खाली रुतते आणि पाणी वाहत राहतं. मूत्रमार्गही असाच एका झोळीसारख्या आधारावर टेकलेला असतो. खोकला वरून दाब देतो, आधार घट्ट असला तर मूत्रमार्ग त्यावर चेपून बंद होतो. बाळंतपणात तो आधार ताणला जातो, कधी फाटतो. तिच्या उजव्या बाजूला स्नायू हाडापासून सुटल्यासारखा लागत होता. चिमटा लावलेल्या बाळंतपणात हे जास्त आढळतं. तेवढा भाग व्यायामानं परत चिकटणार नव्हता, आणि ते मी तिच्यापासून लपवलं नाही. पण उरलेल्या स्नायूत जीव होता.

"आता पोट सैल सोडा. श्वास सोडता सोडता, गॅस सुटू नये म्हणून मागचं दार आवळतो तसं आवळा, आणि ती आवळ पुढे लघवीच्या जागेपर्यंत आणा. जोर नको, अगदी हलकेच."

पहिल्यांदा काही नाही. दुसऱ्यांदा मांड्या आवळल्या गेल्या. चौथ्या वेळी पापणी फडफडावी तसं काहीतरी बोटाला लागलं.

"हेच! हेच ते."

"एवढंसं?" तिचा विश्वास बसेना.

पाचपैकी एक गुण द्यावा एवढंच होतं ते, पण दिशा बरोबर होती. शंभर बंद केले. झोपून, दोन सेकंद धरून, पाच वेळा, दिवसातून तीनदा, बस्स. पाणी हळूहळू वाढवायचं. शिवाय शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की त्याच्या क्षणभर आधी आवळायचं आणि शिंकून होईपर्यंत धरून ठेवायचं.

सहाव्या आठवड्यात ती म्हणाली, काहीच फरक नाही. मला मात्र बोटाला फरक लागत होता, आता ती पाच सेकंद धरत होती. किमान तीन महिने रेटायचंच, असं मी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, तेच पुन्हा सांगितलं. पुढे बसून, मग उभं राहून, आठ सेकंदांचे आठ, आणि त्यानंतर थोडे झटपट आवळून सोडण्याचे. चिडल्यामुळे असेल, तिनं कंटाळा केला नाही.

चौदाव्या आठवड्यात भरल्या मूत्राशयानं तिला उभं केलं आणि खाली टिश्यू धरायला सांगितला. ती जोरात खोकली, तीन वेळा. टिश्यू कोरडा. मग जागच्या जागी दहा उड्या मारायला लावल्या. सातव्या उडीला नाण्याएवढा डाग उमटला.

तो डाग तिनं उजेडात धरून नीट पाहिला.

"पहिल्या दिवशी हा केवढा असता?"

"पूर्ण भिजला असता."

ऑपरेशनचं काय, असं तिनं पुन्हा विचारलं. मूत्रमार्गाखाली आधाराची पट्टी घालतात, शरीरातल्याच ऊतीचीही पट्टी करता येते, त्यांचे फायदे आणि गुंतागुंती दोन्ही आहेत, हे सगळं तिला समजावून दिलं. योनीत बसवायच्या, मूत्रमार्गाला आधार देणाऱ्या सिलिकॉनच्या रिंगबद्दलही सांगितलं. तिला पेसरी म्हणतात. ती फक्त खेळण्या-धावण्यापुरती घालता येते, नंतर काढून धुऊन ठेवायची. तिला बॅडमिंटन परत सुरू करायचं होतं. तिनं पेसरी निवडली. ऑपरेशनचा विचार सहा महिन्यांनी करू म्हणाली.

निघताना तो चिकटपट्टी लावलेला कागद तिनं माझ्या टेबलावरच ठेवला. दारापर्यंत जाऊन परत वळली.

"बहिणीची डिलिव्हरी होऊन चार महिने झालेत. तिलाही असाच कागद दिलाय. कधी आणू?"

मी डायरी उघडली. गुरुवारी साडेअकराची वेळ मोकळी होती.