इथे कोण कुणाचं ऐकतंय?

"हे एकमेकांचं ऐकतायत, की सगळे आपापलं वाजवतायत?" जॅझ पियानोवादक लेनी ट्रिस्टानोचं 'इंट्युइशन' ऐकताना भाचीनं विचारलं. तेव्हापासून तो प्रश्न काही डोक्यातून जाईना.

रेकॉर्डिंग मे 1949 चं, न्यूयॉर्कमधलं. पियानोवर अंध ट्रिस्टानो. सॅक्सोफोनवर ली कॉनिट्झ आणि वॉर्न मार्श, गिटारवर बिली बाउअर, बासवर अर्नोल्ड फिशकिन. कोणी कोणामागून यायचं, एवढंच ठरलेलं. चाल, स्वरपट्टी, लय काहीच नाही. ड्रमर तर नाहीच. आपल्या जुगलबंदीत निदान राग आणि ताल हाताशी असतात, इथे तेही नाहीत.

ती झोपल्यावर हेडफोन लावून पुन्हा ऐकलं, फक्त कॉनिट्झवर कान ठेवून. आधी पियानो एकटाच, मग एकेक जण शिरतो. कोणी कोणाला झाकत नाही. जेमतेम तीन मिनिटांत पाच माणसं इतक्या सावधपणे एकमेकांना जागा देतात, की मला हे आजही थरारक वाटतं. ठरलेलं काही नसताना कान बंद ठेवून चालणारच कसं?

कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीनं मात्र हे लगेच बाजारात आणलं नाही. अशा मुक्त वादनाला ज्याचं नाव मिळालं, तो ऑर्नेट कोलमनचा 'फ्री जॅझ' अल्बम रेकॉर्ड व्हायला तेव्हा अजून 11 वर्षं होती.

उद्या भाचीला याच मंडळींचं त्याच दिवसांतलं 'डायग्रेशन' ऐकवणार आहे. तुमच्यापैकी कोणी ऐकलंय? तुम्हाला कोण कोणाच्या मागे जातंय असं वाटतं?