एका खोक्यातली दोन वयं

आमच्या लातुरात गाडीचं वय आता कुणी बोनेट उघडून ठरवत नाही. दार उघडून आत बसलेला माणूस सरळ डॅशबोर्डच्या मध्यावर बघतो. तिथला पडदा केवढा, बोट लावल्यावर लगेच हलतो की विचार करून हलतो, एवढ्यावर निकाल लागतो. आमच्या २०१३ सालच्या सेडानचं इंजिन ठणठणीत आहे, एसी भर मे महिन्यातही इभ्रत राखतो. पण मागच्या सीटवरून भाचा म्हणाला, "मामा, गाडी लई जुनी झाली की!" टायरची झीज त्याला दिसली नव्हती, दारावरचा ओरखडाही नाही. दिसला तो मधला पडदा.

मला तो कंपनीनं बसवून दिलेला गाण्यांचा-नकाशाचा सेट पूर्ण जुना कधी वाटलाच नाही. अर्धा वाटला. त्या एका खोक्यात दोन वेगवेगळ्या वयाच्या गोष्टी कोंबल्या होत्या, आवाज आणि नकाशा. आवाज सावकाश म्हातारा होतो. स्पीकर म्हणजे एक शंकू, एक चुंबक, तारेचं एक वेटोळं. यात शिळं होण्यासारखं फारसं काही नाही. कडेचा फोम उन्हानं भुगा झाला नाही तर वीस वर्षंही तो बिनतक्रार वाजतो. नकाशाचं तसं नाही. तो सेटमधल्या मेमरी कार्डावर चढला त्याच दिवशी शिळा व्हायला लागतो. दोघांना एका पेटीत बंद केलं की नकाशा मेल्यावर चांगला वाजणारा सेटही त्याच्याबरोबर सती जातो.

यात उपग्रहांकडं काही दोष नाही. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड दोनच गोष्टी सांगत असतात, आत्ता नेमके किती वाजले आणि मी कुठं आहे. चार उपग्रहांचं बोलणं ऐकू आलं की गाडीतला सेट हिशेब करून आपला अक्षांश-रेखांश काढतो. मे २००० पर्यंत अमेरिका नागरी वापराच्या संकेतात मुद्दाम चूक मिसळायची, तेव्हा शंभर मीटर इकडंतिकडं व्हायचं. नंतर तीही कटकट गेली. फक्त एक गंमत राहिली. जीपीएस आठवडे मोजतं आणि १,०२४ आठवडे भरले की पुन्हा शून्यापासून सुरुवात करतं. ६ एप्रिल २०१९ च्या मध्यरात्री असा एक फेरा पूर्ण झाला, आणि ज्या जुन्या सेटांना हे आधी शिकवून ठेवलेलं नव्हतं त्यांची तारीख वीसेक वर्षं मागं गेली. बाकी उपग्रहांना लातूर माहीत नाही, बार्शी रोड माहीत नाही. त्या अक्षांश-रेखांशावर रस्ता आहे की तुरीचं रान, हे सांगायचं काम सेटमधल्या कार्डाचं.

आणि आमचं कार्ड २०१३ सालात बसलेलं. तुळजापूरहून औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, नांदेड असा जाणारा ३६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग चौपदरी झाला, गावांना वळसे पडले, उड्डाणपूल आले. कार्डाला पत्ता नाही. जिल्ह्यांची नावं बदलली. कार्डावर औरंगाबाद आणि उस्मानाबादच. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला. त्यानंतर जालन्याहून वर चढून नागपूरकडं निघालो, तर गाडी ताशी ११०च्या वेगानं काँक्रीटवर आणि पडद्यावरचा बाण रिकाम्या हिरव्या पट्टीतून. रस्ता सांगणारी आतली बाई दर थोड्या वेळानं मागं वळायला सांगत होती.

शेजारी अण्णा बसले होते. अण्णा तलाठी म्हणून निवृत्त झाले. त्यांनी थोडा वेळ बाणाकडं पाहिलं आणि म्हणाले, "तिला म्हणावं, ते गट नंबर कुणाचं हाय ते तरी बघ. लोकाच्या रानातून गाडी घालायली."

अण्णांचं नकाशाशी नातं वेगळं आहे. त्यांच्या सज्जातल्या गावांचे नकाशे त्यांनी घडी घालून, पुन्हा उलगडून इतके वापरले की शिवा, ओढे, पाणंदी त्यांच्या डोक्यातच उतरल्या. ते कुणालाही रस्ता सांगताना डावं-उजवं म्हणत नाहीत. ओढा, वड, मारुती असं म्हणतात. आणि नकाशा कायमचा असतो असंही त्यांना कधी वाटलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर किल्लारीसारखी कितीतरी गावं उचलून नव्या जागी वसवली गेली. जुनं किल्लारी एकीकडं, नवं एकीकडं. नाव तेच, जागा दुसरी. असल्या मुलखात वर्षानुवर्षं दप्तर सांभाळलेल्या माणसाला डॅशबोर्डवरल्या बाईचा आत्मविश्वास बघून हसू येणारच.

त्यातून गावांच्या नावांचा घोळ. नुसतं 'शिरूर' म्हणून शोधा. लातूर जिल्ह्यातच एक शिरूर अनंतपाळ, तालुक्याचं ठिकाण. अहमदपूर तालुक्यात दुसरं, शिरूर ताजबंद. बीड जिल्ह्यात शिरूर कासार. आणि ही सगळी सोडून मशीन आधी दाखवणार पुणे जिल्ह्यातलं घोडनदीकाठचं शिरूर. शिरूर ताजबंदला लग्नाला निघालेल्या माणसाला ती बाई थेट पुण्याच्या वाटेला लावायची. पिंपळगाव आणि टाकळीबद्दल तर बोलायलाच नको.

तर नकाशा बदलायचा होता, पण तेवढ्यासाठी सगळा डॅशबोर्ड उचकटायचा का, हा प्रश्न. कार्ड अपडेट करायचं म्हटलं तर त्या मॉडेलसाठी नवं कार्ड येणं बंद झालेलं. मग ॲक्सेसरीजच्या दुकानांच्या पायऱ्या चढलो. तिथलं जग निराळंच. काउंटरवर नऊ इंची, दहा इंची पडदे ओळीनं लावलेले आणि मालक भाजीच्या भावासारखे आकडे सांगतो, "दोन-बत्तीस, चार-चौसष्ट, सहा-एकशे अठ्ठावीस." रॅम आणि स्टोरेज हो. सोबत क्यूएलईडी पडदा, आवाज सुधारणारी डीएसपी चिप, चारी बाजू दाखवणारा ३६० कॅमेरा. हे पडदे म्हणजे गाडीला चिकटवलेला अँड्रॉइड टॅबलेटच. स्वतःची सिस्टिम, स्वतःचे ॲप, यूट्यूबसुद्धा.

माझं मन तिथंच फिरलं. असा टॅबलेट बसवायचा म्हणजे पुन्हा त्याच वाटेनं जायचं. आज चार-चौसष्ट चकचकीत चालतंय, पाच वर्षांनी त्याची सिस्टिम जुनी, ॲप अपडेट घेईनात, पडदा हळू. पुन्हा भाचा म्हणणार, लई जुनी झाली. शिवाय दहा इंची पडदा एसीच्या जाळीपुढं आलेला, वरून चकचकीत काच. एप्रिलच्या दुपारी त्यात रस्ता कमी आणि आपलाच घामेजलेला चेहरा जास्त दिसतो. कंपनीचा पडदा लहान होता, पण कपारीत आत बसवलेला होता, त्याच्यावर छप्पर होतं. ते छप्पर कुणीतरी उन्हाचा विचार करून दिलं होतं.

म्हणून मी मागितला तो सात इंची साधा सेट, ज्याला स्वतःची अक्कल जवळजवळ नाही. फोनमधले नकाशे-गाणी अँड्रॉइड ऑटो या सोयीनं पडद्यावर दाखवायची, रेडिओ लावायचा, आवाज वाढवायचा, बस्स. नकाशा फोनमध्ये. फोन दर तीन-चार वर्षांनी बदलतोच, त्याच्याबरोबर नकाशा आपोआप तरुण. बालाघाटाच्या डोंगरात रेंज जाते, त्यासाठी आधी घरच्या वायफायवर तेवढा भाग उतरवून ठेवायचा. मालकाला हे फारसं पटलं नाही. "साहेब, लोक मोठं घ्यायलेत अन् तुम्ही लहान?" म्हणाला. पण त्याच्याकडं तसा सेट होता.

खोक्यावर ठळक छापलेलं होतं '४ × ५० वॅट'. हा आकडा मला फार दिवस छळत होता, म्हणून एकदा कागदावर मांडून पाहिला. गाडी चालू असताना बॅटरीच्या तारेत साधारण १४.४ व्होल्ट असतात. स्पीकरचा रोध ४ ओहम. व्होल्टचा वर्ग करा, चारानं भागा, आले जवळपास ५२. पण हे केव्हा, तर आवाजाची लाट पूर्ण चौकोनी केली, म्हणजे गाणं ठार मारलं तेव्हा. शुद्ध लाटेला याच्या निम्मं, २६ वॅट, तेही कागदावर. प्रत्यक्षात वीसच्या आतबाहेर. पन्नास खोटं नाही, पण त्या पन्नासात गाणं ऐकता येत नाही. निवडणुकीच्या मिरवणुकीत मात्र चालून जाईल.

दुकानातला बसवणारा कारागीर कमी बोलणारा, बोटांचा हलका. त्यानं प्लास्टिकची पट्टी घालून चौकट सोडवली, एकही खिट्टी न मोडता. आत वायरींचा जुडगा. मी विचारायच्या आतच म्हणाला, "साब, वायर काटना नक्को. कपलर लगाएंगे, कल कंपनी का सेट वापस बैठाना हो तो बैठ जाता." तेवढ्या एका वाक्यावर मी निर्धास्त झालो. डॅशबोर्डच्या मागं कंपनीच्या वायरींचा गळा कापून वर चिकटपट्टी गुंडाळलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. पुढं कधी उन्हाळ्यात ती पट्टी पाघळते आणि मग गाडी कुठं कुठं नखरे करते ते शोधत बसा.

वायरींचे रंग तो मुलाला पाढे शिकवावेत तसे मला सांगत गेला. पिवळी म्हणजे बॅटरीची, कायम जिवंत, सेटची आठवण तिच्यावर. लाल चावीबरोबर जागी होणारी. या दोघींची अदलाबदल झाली की गाडी बंद केल्यावर सेट रेडिओची स्टेशनं विसरतो. आणि लाल कायम चालू राहिली तर सकाळी बॅटरी बसलेली. काळी जमिनीची. पांढरी, राखाडी, हिरवी, जांभळी या स्पीकरांच्या. रेघ असलेली ती ऋण. स्टीअरिंगवरच्या बटणांची करामत मला सगळ्यात आवडली. आमच्या गाडीत प्रत्येक बटणामागं वेगळ्या मोलाचा रोध आहे. सेट व्होल्ट मोजून ओळखतो की आवाजाचं बटण दाबलं की गाणं बदलायचं. नव्या सेटला एकेक बटण दाबून ही ओळख करून द्यावी लागते. त्यानं ती करून दिली. रिव्हर्स कॅमेऱ्याची तार मागच्या पांढऱ्या दिव्याच्या वायरीवरून उचलली.

सगळं जमलं, आणि रेडिओ नुसता खरखर करायला लागला. अण्णांनी दुकानात येतानाच बजावलं होतं, "बाकी काय बी लाव, आकाशवाणी लागली पाह्यजे." तलाठी असताना परभणी केंद्रावरचे शेतीचे कार्यक्रम त्यांनी मध्यम लहरींवर ऐकले, आजही सकाळच्या प्रादेशिक बातम्या त्यांना रेडिओवरच हव्यात. मोबाइलवर त्याच बातम्या ऐकवल्या तर म्हणतात, "ह्यात खरखर नाही, खऱ्या वाटत नाहीत." कारागिरानं थोडा वेळ डोकं खाजवलं आणि निळी वायर शोधली. टपावरचा आमचा बुटका अँटेना मुका नाही. त्याच्या बुडाशी छोटा ॲम्प्लिफायर आहे आणि त्याला या निळ्या वायरीतून १२ व्होल्ट मिळाले तरच तो स्टेशन धरतो. निळी जोडली, एफएम घणघणीत. मध्यम लहरी मात्र तेव्हाही तक्रार करत राहिल्या. शेवटी सिगारेट लायटरच्या भोकातला स्वस्त चार्जर काढून ठेवला आणि गुणगुण थांबली. घेतेवेळी सेटमध्ये एएम, म्हणजे मध्यम लहरी, आहे का हे विचारून घ्यावं, कारण आताच्या बऱ्याच स्वस्त सेटांत ते नसतं किंवा नावापुरतं असतं.

जुना सेट बाहेर आल्यावर त्याच्या पोटातून एक सीडी निघाली. तुळजापूरला घेतलेली, आराधी गीतांची, एमपी३. आमची बायको ती कधीपासून शोधत होती.

आता आवाजाचं. एवढा खर्च झाल्यावर माणसाला वाटतं गाणं आपोआप गोड होईल. होत नाही. पडदा बदलल्यानं आवाज बदलला तो थोडाच. महामार्गाच्या काँक्रीटवर टायरांचा जो घोंगाट उठतो, तो चाकाच्या कमानीतून आणि दाराच्या पातळ पत्र्यातून आत येतो. त्याच्यावर मात करायला आपण आवाज वाढवतो, मग दारं थरथरतात, मग वाटतं स्पीकर गेले. कंपनीच्या जुन्या सेटमध्ये वेग वाढला की आवाज आपोआप किंचित वाढायचा. ते सुख नव्यात नाही, आणि त्याची चुटपुट मला अजून आहे. म्हणून माझा सल्ला कुणी विचारला तर एकच, दहा हजार पडद्यावर वाढवण्यापेक्षा दारावर घाला. पुढच्या दोन दारांत साडेसहा इंची चांगले स्पीकर आणि पत्र्याला आतून ब्यूटाइल रबराची, थरथर शोषणारी जड पट्टी. दार म्हणजे स्पीकरची पेटीच असते. पेटीच पत्र्यासारखी वाजत असेल तर आत काहीही बसवा. आमच्याकडं मागच्या दारांत अजून कंपनीचेच आहेत. ते तसेच राहू दे म्हणालो, मागं बसणाऱ्यांना गाणं ऐकायचं नसतं, एकमेकांशी बोलायचं असतं.

भाचा दिवाळीत आला तेव्हा नवा पडदा बघून खूश झाला, पण लहान म्हणून थोडा हिरमुसलाही. अण्णा त्याच्या शेजारी बसले होते. चाकूर ओलांडल्यावर फोनमधली बाई म्हणाली, पुढं डावीकडं ठेवा. अण्णा म्हणाले, "डावीकडं कशाला? शिरूर सरळ हाय." भाच्यानं पडद्यावर शोधलं, तर यादीत पहिलं नाव पुणे जिल्ह्यातलं.

"दुसरं दाब," अण्णा म्हणाले, आणि प्रादेशिक बातम्यांचा आवाज वाढवला.